ब गठ्ठ्यातली अठरा कार्डं

"अवो, हे बघा की," मी म्हणाले, "ह्या एवढ्या पोरींचं अक्षर एकच हाय."

एवढंच म्हणाले मी. तेही हसत, चोर पकडल्याच्या ऐटीत. स्वयंपाकघरातल्या फरशीवर पोस्टकार्डांचे दोन गठ्ठे होते, अ चा माझ्या उजव्या हाताला आणि ब चा डाव्या. ब मधून मी एकोणीस कार्डं वेगळी काढली आणि पत्ते मांडावेत तशी ह्यांच्यापुढं मांडली. त्या कार्डांवर एका पोरीची शाळा टांगलेली होती, हे आम्हाला कुठं माहीत? जिभेला हाड नाही ते असं. तेव्हा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? लोक म्हणतात, यात तुझा काय दोष. लोकांचं काय जातंय म्हणायला.

आमचे हे म्हणजे आकाराम, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात कारकून. नाकासमोर चालणारा माणूस. दाखले लिहायचे, हजेरीपट तपासायचे, शिक्के मारायचे, संध्याकाळी पिशवीभर भाजी घेऊन घरी यायचं. शाळेत त्यांचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. पोरं रजेच्या अर्जावर बापाची सही ठोकून आणायची. हे चष्मा कपाळावर सरकवायचे, एक नजर टाकायचे आणि अर्ज परत करायचे, की बापाला घेऊन ये. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. हेडमास्तर म्हणायचे, एकवेळ चित्रगुप्त फसेल, आकाराम फसायचा नाही. घरी येऊन हे मला ते सांगायचे आणि गालात हसायचे. तेवढाच त्यांच्या आयुष्यातला मोठेपणा.

हा माणूस गोष्टी लिहितो हे मात्र शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. गावातल्या एका पेपराची रविवारी मुलांची पुरवणी निघायची, तीत टोपणनावानं लिहायचे. नव्याण्णव साल होतं. दोन हजार काही उजाडत नाही, जग बुडणार, असं जो तो म्हणत होता. दूधवाला म्हणायचा, किराणावाला म्हणायचा. ह्यांनी म्हटलं, बरं, बुडू दे, पुढं काय? आणि एक गोष्ट काढली. सगळीकडं पाणीच पाणी झालंय. गावं गेली, माणसं गेली. एका हायस्कुलाचा वरचा मजला तेवढा पाण्याबाहेर राहिलाय आणि त्यावर नववी-दहावीतली अकरा पोरं. मास्तर नाहीत, आईबाप नाहीत. पोरंच घंटा देतात, पोरंच शाळा चालवतात. गोष्टीचं नाव 'वरच्या मजल्यावरची शाळा'. दर रविवारी शेवटी दोन वाटा द्यायच्या, अ आणि ब. वाचणाऱ्या पोरांनी पोस्टकार्डावर मत कळवायचं आणि मतं जास्त पडतील तिकडं गोष्ट जायची. एका वाचकाचं एकच मत, हा नियम ह्यांनीच घातलेला.

संपादक म्हणायचे, आकाराम, तुम्हाला वाटेल ते लिहा हो, कार्डं कोण मोजायला बसलंय? हे मोजायला बसायचे. दर गुरुवारी पेपराच्या कचेरीतून गठ्ठा घरी आणायचे. जेवणं झाली की मी वाचायची, हे टिपून घ्यायचे. गोष्ट लिहून झाली की पक्की प्रत मी काढायची, कारण दुसऱ्याचं अक्षर पारखणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापखान्यात जायचं ते सगळं माझ्या हातचं. सात वर्षं.

शिवांजलीचं पहिलं कार्ड आलं ते तिसऱ्या भागानंतर. शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. इयत्ता नववी. अक्षर असं, की कार्ड दाराला लावून ठेवावं. लिहिलं होतं: "संपादक काका, पूर आला की आधी साप वर येतात. तुमच्या शाळेत एकही साप आला नाही. शिवाय मुलं मासे धरतात आणि मुली स्वयंपाक करतात. एवढं सगळं वाहून गेलं, मग चूलच तेवढी मुलींच्या वाट्याला कशी राहिली? मत ब. कळावे."

मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. ह्यांचा चेहरा आधी पडला, मग तेही हसले. पुढच्या रविवारी जिन्यात साप निघाले आणि पोरांनी पाळ्या लावून भात शिजवला. तेव्हापासून गठ्ठा सोडला की ह्यांचा पहिला प्रश्न, शिरोळचं आलंय का? बाकीची पोरं काय लिहायची, 'गोष्ट फार आवडली'. ही मेली खोट काढायची. पुराचं पाणी पिऊन अजून कुणालाच जुलाब कसे झाले नाहीत. दिवस मोजायला कॅलेंडर कुठून आलं. एकदा तिनं लिहिलं, "हजेरी घेताना जी मुलं आता नाहीत त्यांचीही नावं घ्या. आमच्या वर्गात कोणी शाळा सोडली की बाई नावावर लाल रेघ मारतात. तुमच्या शाळेत तरी मारू नका." हे बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसले. कारकुनी करून करून लाल रेघा ह्यांनीही कमी मारल्या नव्हत्या. त्या भागात अकरा पोरांच्या शाळेत साठ नावांची हजेरी झाली. त्या भागाला जेवढी कार्डं आली तेवढी पुन्हा कधी आली नाहीत.

मग आला होडीचा भाग. डोंगरावर काही माणसं वाचली आहेत, तिथून एक होडी येते. तिथल्या लहान पोरांना सांभाळायला, रांधायला कुणी नाही. होडीवाला म्हणतो, तुमच्यातली रेवती मोठी आहे, तिला द्या. अ: रेवतीनं होडीत बसावं. ब: रेवतीनं शाळेत राहावं. अ ला पडली चौसष्ट, ब ला सत्तर. सत्तरातली एकोणीस शिरोळकडची, एकाच गावची, एकाच दिवशीच्या शिक्क्याची. आणि मी तोंड उघडलं.

ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकेक कार्ड बल्बाखाली धरलं. नावं वेगळी, अक्षर शिवांजलीचं. मी कौतुकानं बोलले होते हो, बघा पोरगी किती हुशार म्हणून. पण ह्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं. दुसरी कुणी असती तर त्यांना एवढं लागलं नसतं. ही त्यांची मानलेली वाचक होती.

"जाऊ दे की," मी म्हणाले, "पोर हाय."

"पोर हाय म्हणूनच जाऊ द्यायचं न्हाय," हे म्हणाले. "उद्या हीच पोर बापाची सही करंल."

तिचं एक मत ठेवलं, अठरांवर काट मारली. चौसष्टाला बावन्न. रेवती होडीत बसली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ह्यांनी खाली चौकटीत एक सूचना लिहिली: "शिरोळ तालुक्यातील एका वाचक मैत्रिणीने एकाच हस्ताक्षरात एकोणीस मते पाठवली. त्यांपैकी अठरा रद्द करण्यात आली आहेत. गोष्ट काल्पनिक असली तरी मत खरे असावे." शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं होतं, मला दोनदा वाचून दाखवलं. त्याचीही पक्की प्रत मीच काढली. खाली गावाचं नावसुद्धा मीच गिरवलं, कंसात. नाव नको म्हणावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या डोक्यात काय शेण भरलं होतं कुणास ठाऊक.

दहा-बारा दिवसांनी तिचं कार्ड आलं. पाठपोट बारीक अक्षरात भरलेलं.

"संपादक काका, ती अठरा मतं खोटी नव्हती. आमच्या गल्लीतल्या मुली दर रविवारी आमच्या कट्ट्यावर गोष्ट ऐकायला येतात. मी वाचते. त्यांच्या शाळा सुटल्या आहेत. काहींना आता लिहायला जमत नाही, काहींना घरचे लिहू देत नाहीत. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. एका वाचकाचं एकच मत असा नियम होता. ऐकणाऱ्यांचं मत चालत नाही असं तुम्ही लिहिलं नव्हतं. अप्पा म्हणाले होते, त्या रेवतीचं काय होतंय बघू, मग तुझं ठरवू. उद्या मला आत्तीकडे पाठवणार आहेत. गोष्ट चांगली आहे. कळावे."

हे दारातच उभे होते, पायात चप्पल तशीच. कार्ड वाचून झालं तरी आत येईनात. मग म्हणाले, ती अठरा काढ. रद्द कार्डंसुद्धा फेकायची नाहीत ही ह्यांचीच शिस्त. मी काढून दिली. त्या रात्री आम्ही अक्षर बघितलं होतं, आत काय लिहिलंय ते कुणी धड वाचलं होतं? मालन कांबळेनं लिहवलं होतं, रेवतीनं जाऊ नये, मी थोड्या दिवसासाठी म्हणून इथं बहिणीच्या घरी आले होते, परत कोणी नेत नाही. बायडाबाई नावाच्या एकीनं, होडीवाल्याला त्याच्या घरात मुलगे नाहीत का. आणखी एकीनं, माझं मत ब, कारण मला पाढे अजून सतरापर्यंत येतात. ह्यांनी अठराच्या अठरा मोठ्यानं वाचली.

आणि मला लागलं ते वेगळंच. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या हातानं उतरवायचं, हेच तर मी सात वर्षं करत आले होते. ह्यांच्या गोष्टीला कुणी खोटी म्हटलं नाही, माझ्या अक्षरात आहे म्हणून. मला तरी कळायला नको होतं?

रविवारी सकाळच्या एसटीनं निघालो. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं, शिरोळला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना ऊस. ह्यांनी मनात पाठ केल्यासारखं मला दोन-तीनदा सांगितलं, की पोरीचा दाखला अजून निघाला नसेल तर काही बिघडलेलं नाही, नाव पटावर असतं, सहामाही बुडली तरी वार्षिकाला बसता येतं. कारकुनाला जेवढी आशा असते तेवढी सगळी त्या दाखल्यावर होती.

शिवांजलीचा बाप गुरुसिद्ध गोठ्यात वैरण टाकत होता. उंच, रुंद खांद्याचा, कपाळावर भस्माची पट्टी. 'या पावणं' म्हणून त्यानं कट्ट्यावर घोंगडं टाकलं, तांब्या आणून दिला, आत चहाला सांगितलं. आम्ही कोण, कशाला आलो, हे चहा होईपर्यंत विचारलंसुद्धा नाही. हाच तो कट्टा असणार. घर स्वच्छ सारवलेलं होतं. पोरगी कुठं दिसत नव्हती.

ह्यांनी चहा घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मी कोण, गोष्ट कुठली, चूक कुणाची. अठरा कार्डं घोंगड्यावर मांडली. म्हणाले, तुमची पोरगी लबाड नाही, लबाडीचा शिक्का मी मारला, आता मीच पुसतो. पेपरात खुलासा छापून आणतो. तुम्ही तिला बोलवून घ्या. दाखला काढलाय का?

"न्हाय अजून," गुरुसिद्ध म्हणाला.

ह्यांचा चेहरा उजळला तो मी बघितला. मग भराभर सांगायला लागले, हेडमास्तरांना मी भेटतो, रजेचा अर्ज मी लिहून देतो, फक्त तुमची सही. गुरुसिद्ध ऐकत होता. कार्डांना त्यानं हात लावला नाही. मग त्यानं सांगितलं, की त्याची बहीण पलीकडं चिकोडीकडं दिलेली आहे. वैशाखात तिचं एक अंग गेलं. पदरात तीन पोरं, धाकटं अंगावर पिणारं. चार महिने तो ह्या पोरीला तिकडं धाडायचं म्हणत होता. पोरगी ऐकायची नाही. भांडायची, जेवायची नाही, शाळेतल्या बाईंना घरी घेऊन यायची. शेवटी तिचं तोंड बंद करायला म्हणाला, थांब, तुझ्या पेपरातल्या पोरीचं काय होतंय ते बघू.

"पण ती लबाड न्हवती वो," हे म्हणाले. "पोरींनी सांगितलेलंच ल्हिलं तिनं."

"मला म्हायती की," गुरुसिद्ध म्हणाला. "ह्याच कट्ट्यावर बसून ल्हीत हुत्या. मी गोठ्यातनं ऐकत हुतो."

"मग धाडली कशाला तिला?" मी विचारलं.

"मला निमित्त पायजे हुतं, पावणं. तुमी दिलंसा. पेपर तिच्या म्होरं टाकला, म्हटलं, शाळंत जाऊन ह्येच शिकलीस? साऱ्या गावात लबाड ठरलीस. ती भांडली असती तर मी धाडली नसती. लबाड म्हटल्यावर गप झाली. मान खाली घालून गाडीत बसली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आता खरं छापून काय करतासा? बहिणीच्या पोरांस्नी कोण बघणार? तिकडं शाळा कन्नड. हिला बोलाय येतंय, ल्ह्याय येत न्हाय."

त्याचा राग यावा असं मला फार वाटत होतं. आला नाही. बहीण लुळी पडली म्हणजे माणूस काय करणार? आणि पोरीनं तरी काय करावं? ह्यांनी कार्डं गोळा केली. कडा जुळवून नीट गठ्ठा केला, पुन्हा केला. उठताना गुरुसिद्धनं आमच्यासाठी उसाच्या दोन मोळ्या बांधायला घेतल्या. ओझं होईल म्हणून मी नको म्हटलं.

खुलासा पुढं छापून आला, दोन ओळींचा. मी अठराही पोरींची नावं लिहून दिली होती, जागा नव्हती म्हणून पेपरवाल्यांनी घेतली नाहीत. शिवांजली परत आली नाही. दोन वर्षांनी तिकडंच तिचं लग्न झाल्याचं कळलं. पटावरच्या तिच्या नावावर कुणी रेघ मारली असेल ती असेल. 'वरच्या मजल्यावरची शाळा' ह्यांनी आणखी तीन भागांत संपवली आणि त्यानंतर काही लिहिलं नाही. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी नाही. मी कधीमधी कागद पुढं ठेवते. ते त्यावर वाण्याची यादी लिहितात.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. गल्लीतून निघालो तर फाट्यापर्यंत पोरी आमच्या मागं आल्या. आधी तीन, मग सात-आठ. एकीच्या कडेवर पोर, एकीचे हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. पेपरवाले आलेत हे गावात केव्हाच पसरलं होतं. एसटीला वेळ होता. त्या लांब उभ्या राहून कुजबुजत होत्या. मग शेणाच्या हातांची होती ती पुढं आली आणि म्हणाली, मी मालन.

"परत कोणी नेत नाही," हे म्हणाले.

पोरगी चमकली. तिचंच वाक्य होतं ते. मग एकेक जण पुढं येऊन नाव सांगायला लागली आणि हे जिचं तिला कारण म्हणून दाखवत गेले. सतरापर्यंत पाढेवालीला विचारलं, अजून येतात? तिनं मान हलवली. एकीलाही आमचा राग आला नव्हता. राग तरी यायला हवा होता. त्यांना एकच विचारायचं होतं. शिवाक्का गेल्यापासून दोन रविवार कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

"ती रेवती परत आली का वो?" मालननं विचारलं.

त्या दिवशीचा पेपर माझ्या पिशवीत होता. रेवतीची होडी दिसेनाशी झाली होती. मागं राहिलेली पोरं हजेरीला तिचं नाव घेतात आणि थोडं थांबतात, एवढंच त्या भागात होतं. पक्की प्रत मीच काढलेली, अक्षर न् अक्षर मला पाठ. मी पिशवी छातीशी धरली.

"आली की," हे म्हणाले. "होडीतनं उडी मारली आणि पोहत शाळंत आली."

पोरी हसल्या. कडेवर पोर होतं तिनं ते उगीच वर उडवलं. मालन म्हणाली, "शिवाक्काला तेवढं कळवा. तिला वाटत आसंल, आमी हरलो."

हे 'व्हय' म्हणाले. बावीस वर्षं बापांच्या सह्या तपासणारा माणूस त्या फाट्यावर भर दुपारी त्या पोरींशी खोटं बोलला, आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावली. एसटी आली. खिडकीतून बघितलं तर त्या अजून तिथंच होत्या, कशी उडी मारली असेल ते एकमेकींना हातवारे करून सांगत होत्या.

शिरोळला गाडी बदलली. हे खिडकीशी बसले, मांडीवर कार्डांचा गठ्ठा. कंडक्टर आला आणि कुठं म्हणून त्यानं विचारलं. हे त्याच्याकडं नुसते बघत राहिले. कंडक्टरनं पुन्हा विचारलं. ह्यांनी तोंड उघडलं, पण गावाचं नाव त्यांना सांगता येईना. मागची माणसं वळून बघायला लागली.

"कोल्हापूर," मी म्हणाले. "दोन द्या."